मूळची नाही

"हिची चौथी कुठाय?" त्या बाईंनी काचेला जवळजवळ नाक लावून विचारलं. विचारलं दालनातल्या पहारेकऱ्याला; पण तो खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांची टोकं न्याहाळत होता, आणि गेल्या बावीस वर्षांत त्याच्याकडून कुणाला कशाचं उत्तर मिळाल्याची नोंद नव्हती. प्रश्न बेवारस राहिला आणि काखेत वही घेऊन भिंतीकडेनं चाललेल्या रकान्यांच्या अंगावर येऊन बसला. रकाने थांबले. थांबायला नको होतं. एकतीस वर्षं त्यांनी एक नियम पाळला होता, की प्रेक्षकांच्या तोंडी लागायचं नाही. लोक वस्तू बघायला येतात, वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्याला बघायला नव्हे. निवृत्तीला नऊ दिवस राहिलेले असताना तो मोडायचं काही कारण नव्हतं. पण पाय दुखत होते, आणि दुखऱ्या पायांना थांबायला कुठलंही निमित्त चालतं.

रकाने हे त्यांचं आडनाव नव्हे. वस्तुसंग्रहालयात आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी नोंदवहीत सात रकान्यांच्या जागी अकरा आखले, तेव्हा कुणीतरी ते चिकटवलं, आणि चिकटवलेलं टोपणनाव आडनावासारखंच दिसत असल्यामुळे ते कधी निघालंच नाही. नव्या लोकांना वाटे, असतील बुवा रकाने. बाहेरून पत्रं त्याच नावानं येत. पगाराच्या कागदावर खरं आडनाव होतं, पण तो कागद एकटे तेच वाचत.

"चौथी काय?" रकान्यांनी विचारलं.

"तार." बाईंनी वळून पाहिलं. सत्तरीच्या असाव्यात, काठी, लोकरी कोट, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख बाकीच्यांपेक्षा जरा लांब. "चार असतात. इथे तीन. खुंट्या मात्र चारच्या चार. कुणी काढली?"

काचपेटीत ते इराणी वाद्य निजवलेलं होतं. मध्ये चिरलेल्या नासपतीसारखं पोट, जुन्या मधाच्या रंगाचं तुतीचं लाकूड, हात म्हणावा इतकी बारीक लांब मान, तिच्यावर तातीचे बांधलेले पडदे. येणारीजाणारी माणसं त्याला लहान सतार म्हणत आणि पुढच्या तलवारींकडे वळत. रकान्यांनी पाटीकडे बोट केलं. "वाचा ना. तीन तारांचं वाद्य. सेतार. 'से' म्हणजे तीन. नावातच आहे."

"हो का?" बाई हसल्या. "तुम्ही शतपावली घालता का हो?"

"कधी कधी."

"मग शंभर झाली की तिथेच उभे राहता?"

पहारेकऱ्यानं बुटांवरून नजर उचलली. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. रकान्यांनी काखेतली वही दुसऱ्या काखेत घेतली.

"तीनच होत्या पूर्वी," बाई म्हणाल्या, आता जरा मऊ. "मग कुणा फकिरानं एक वाढवली म्हणतात. त्यालाही झाली दीडदोनशे वर्षं. हे वाद्य काही एवढं जुनं नाही. हे चार घेऊनच जन्मलंय. ती चौथी ना, एकटीनं कुणी वाजवत नाही तिला. जोडीच्या जाड तारेला खेटून असते, बोट तिच्यावरनं सहज जातं. पण ती नसली की बाकीच्या तिघी कोरड्या पडतात. माझ्या वडिलांनी शिकवलं तेव्हा तिचं नावही सांगितलं नव्हतं. म्हणाले, ही असू दे."

"बघतो मी," रकाने म्हणाले. कचेरीत 'बघतो' म्हटलं की काम मिटतं.

"बघू नका. लावा." आणि काठी टेकत त्या तलवारींकडे न वळता सरळ बाहेर गेल्या.

आपल्या खोलीत येऊन रकाने बसले. खोली म्हणजे जिन्याखालचा तुकडा. छत तिरकं, त्यामुळे उभं राहायचं ते दाराशी आणि शहाणपण करायचं ते बसून. टेबलावर फोन, शाईची दौत, बोटभर रुंदीची पोलादी पट्टी. भिंतीला सतरा वह्या. त्या सगळ्या आता संगणकात जात होत्या. वरच्या मजल्यावर टंकलेखिका रोज दीडशे नोंदी घालत होती, आणि एक वही पुरी झाली की संचालिकाबाई शेवटच्या पानावर तांबडी रेघ मारून सही करत आणि वही कोठारात जाई. रेघेनंतर वहीत कुणी अक्षर लिहायचं नाही. आज सकाळी टंकलेखिका दोन हजार पन्नासवर होती. सेतार बावीसशे चौदा. म्हणजे उद्या. ही वही काखेत घेऊन ते वर द्यायलाच तर चालले होते. त्यांनी ती उघडली नाही. त्या पानावर काय आहे हे बघायला वही उघडावी लागते अशातला भाग नव्हता. रकाना नववा, शेरा, त्यांच्याच टाकाची जरा उजवीकडे कललेली अक्षरं: चौथी तार मूळची नाही.

तेव्हा ते नोकरीला लागून महिना झाला होता. एका जहाजावरच्या डॉक्टरच्या विधवेनं नवऱ्याची एक पेटी दिली होती. नकाशे, हुक्क्याची नळी, दोन कट्यारी, आणि चादरीत गुंडाळलेलं हे. जुने साहेब म्हणत, आधी नोंद, मग कौतुक. तरुण रकान्यांनी त्याच्याही पुढे जाऊन आधी कोश उघडला. से, तीन. तार, तार. इतकं स्वच्छ नाव त्यांना कधी कुठल्या वस्तूचं मिळालं नव्हतं. नोंद लिहून झाली, शाई वाळली, मग चादर सोडली तर तारा चार. दोन एकमेकींना खेटून, एक जाड पिवळी, एक बारीक पांढरी. ही बारीक कुणीतरी मागाहून घुसडलेली, हे उघड होतं, कारण वहीत तीन होत्या. चिमट्यानं ती सोडवून त्यांनी साहेबांना दाखवली. साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शाबास. नजर आहे तुला." त्या इमारतीत त्यांना मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि नंतर हिशेब केला तर, शेवटचीही. त्याच दुपारी ते वाद्य काचेत ठेवताना त्यांना तारा पेलणाऱ्या घोडीवर चार खाचा दिसल्या. चार सारख्या, एकाच हातानं कोरलेल्या, आणि चौथीच्या कडेचं लाकूड बाकीच्या तिघींइतकंच झिजलेलं. रकान्यांनी ते पाहिलं, पाहिल्याचं स्वतःला कळू दिलं, आणि काचेचं झाकण लावलं. शाबासकी परत करायचा रकाना अकरांतही नव्हता.

मूळची नाही. हे शब्द कोशातले नव्हते. एवढ्या चटकन शेऱ्यात आले, म्हणजे आधीपासून तयारच होते कुठेतरी. वही टेबलावर तशीच मिटलेली, आणि रकान्यांना एकदम जिना दिसला, संग्रहालयाचा नव्हे, जुन्या घराचा. तिसऱ्या पायरीवर दोन वर्षांची एक पोर एका पायातला मोजा ओढून काढतेय, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण विचारतेय, ही कोण रे? ते एकोणीस वर्षांचे. म्हणाले, बाबांच्या मित्राची. मूळची आमची नाही. वडील छापखान्यात प्रूफं तपासत. त्यांच्यासमोरच्या टेबलावर खिळे जुळवणारा एक जुळारी होता, तो आणि त्याची बायको एकाच महिन्यात गेली, आणि वडील एका संध्याकाळी डबा एका हातात आणि ही दुसऱ्या हातात घेऊन आले. कुणाला काही विचारलं नाही. समजावूनही सांगितलं नाही. म्हणाले, हिला जेवायला वाढा. ताई तेव्हा बावीसची, लग्न ठरलेली, तिनं वाढलं. मधला भाऊ चिडला, त्याची उशी गेली म्हणून. पुढे तो दूर देशी गेला आणि आता नवं घड्याळ घेतलं की फोन करतो. धाकटी मोठी झाली ती रकान्यांना दादा म्हणत, आणि बोलताना त्यांना कधी वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटे ते कागद पुढे आला की. कागद पुढे आला की रकान्यांच्या बोटांना एक निराळीच शुद्ध येई.

वडिलांना वाक्यं आवडत नसत. त्यांना वाक्यांतल्या चुका आवडत. जेवताना वर्तमानपत्र वाचत आणि समासात पेन्सिलीनं खुणा करत. कचेऱ्यांची निवेदनं त्यांची लाडकी. 'रस्ता खोदण्यात आला', 'दिवे बंद ठेवण्यात आले', आणि दरवेळी समासात लहानसा 'क?'. कर्ता कुठाय, म्हणत. रस्ता काय आपला आपण खोदला गेला? हात कुणाचा? पोरं हसत. आणि दुसरं एक म्हणत, ते म्हणताना हसत नसत: छापायच्या आधी ती चूक असते, छापली की तो मजकूर होतो.

वडील वारले तेव्हा वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनाच्या बातमीचा फॉर्म भरायला रकाने गेले होते. काउंटरवरच्या माणसानं घाईनं वाचत विचारलं: वय, व्यवसाय, मागे कोण? तीन अपत्ये, रकाने म्हणाले. जन्मानं तीनच की. नंतर जिना उतरताना त्यांना वाटलं होतं, परत वर जावं. पण मागे पाच माणसं रांगेत होती आणि गुडघा तेव्हापासूनच कुरकुरायला लागला होता. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. धाकटीनं ते बघितलं की नाही हे त्यांना कधी कळलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. एवढं मात्र दिसलं, की त्यानंतर धाकटी आणि ताई एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. बहिणी-बहिणींचं काहीतरी असेल, असा शेरा रकान्यांनी मनात मारला आणि ते पान उलटलं. त्याला झाली अकरा वर्षं.

दुपारी त्यांनी कोठाराची किल्ली मागितली. किल्ली पहारेकऱ्याकडे असे, आणि तो खुर्चीतून उठून स्वतः सोबत आला. आजचा दिवस त्याच्याही हिशेबाबाहेरचा होता.

"त्या बाई काय म्हणत होत्या साहेब? चार पाहिजेत?"

"चार."

"मला वाटलंच होतं कायतरी. बावीस वर्षं समोर बसतोय. रिकामी खुंटी दिसतेय रोज."

"मग बोलला का नाहीत?"

"मी?" पहारेकऱ्याला खरंच आश्चर्य वाटलं. "पाटी तुमची. मी म्हटलं, साहेबांनी मोजूनच लिहिलं असणार." खण ओढता ओढता तो पुटपुटला, "तीन तिघाडा, काम बिघाडा."

संग्रहालयात काही टाकत नाहीत. निघालेला खिळासुद्धा पाकिटात घालून क्रमांक देतात. बावीसशे चौदा, ख. पाकीट पिवळं पडलं होतं, डिंक सुटला होता. आत वेटोळं. रकान्यांनी ते तळहातावर घेतलं. केसासारखं बारीक, वजन म्हणावं तर नाहीच. एका टोकाला घोडीपाशी बांधलेल्या गाठीची वळणं अजून तशीच होती, एकतीस वर्षं सोडून ठेवली तरी आपण कुठे अडकलेलो होतो हे न विसरलेली. पहारेकरी वाकून बघत होता. "एवढीशी?" तो म्हणाला.

वर आल्यावर त्यांनी वही उघडली. दुरुस्तीची रीत त्यांनीच इथे बसवली होती: खरवडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. पट्टी धरून एकच रेघ, अशी की खोडलेलं खाली वाचता यावं. वर नवं, कडेला तारीख. नव्या माणसांना ते बजावत, चूक पुसली तर दुरुस्ती कशाची केली हे कळणार कसं? दुसऱ्यांच्या नोंदींवर अशा रेघा त्यांनी शेकड्यांनी मारल्या होत्या आणि मारताना एक बारीक सुख होई. आज पट्टी सरळ बसेना. रेघ मारली. 'मूळची नाही' खाली स्वच्छ दिसत राहिलं, उलट जास्तच दिसायला लागलं, अधोरेखित केल्यासारखं. वर त्यांनी लिहिलं: मूळची आहे. पाकीट 'ख' पाहावे. तार नजरचुकीने काढण्यात आली होती. टाक ठेवला. वाचलं. सगळं नीट होतं. तरी समासाकडे बघवेना. समास कोरा होता आणि तिथे एक पेन्सिलीचा 'क?' अगदी दिसत होता.

थकवा आता पायात नव्हता, बोटांत होता. मग त्यांनी फोन ओढला आणि धाकटीच्या दुकानाचा नंबर फिरवला. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते.

"दादा? दुपारी? कोण गेलं?"

"कुणी नाही. सहज."

"तू आणि सहज!" मागे यंत्राची घरघर होती. "बोल लवकर, भिंग लागलंय यंत्राला."

"बाबांची ती बातमी. पेपरातली. तिच्यात तीन छापलं गेलं होतं."

घरघर थांबली. तिनं यंत्र बंद केलं असावं.

"छापलं गेलं होतं," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी कळलं होय तुला?"

"ते चुकीचं होतं."

"हे ताईला सांग. खाली नंबर तिचा होता."

रकान्यांच्या कानात काहीतरी बारीक वाजलं. नंबर. संपर्कासाठी नंबर द्या, काउंटरवरचा म्हणाला होता. स्वतःच्या घरी दिवसा फोन उचलायला कुणी नाही, लग्नाचा रकाना कोराच. म्हणून ताईचा दिला होता. इतकी सोयीची गोष्ट, की तिची आठवणसुद्धा राहिली नव्हती.

"ताईनं नाही दिली ती," ते म्हणाले.

"मग?"

"ती... तेव्हा घाई होती. फॉर्म भरण्यात आला, त्यात..."

"दादा, नीट बोल. कुणी भरला?"

"मी."

पलीकडे दुकानात कुणीतरी म्हातारा विचारत होता, जवळचं वाचायचा झाला का हो माझा? रकान्यांना धाकटीचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासावरून त्यांना कळलं, की ती रडत नाहीये, मोजतेय.

"मी तिला त्याच दिवशी फोन केला होता," ती शेवटी म्हणाली. "नाही नाही ते बोलले. माझ्या तोंडात येऊ नये ते. म्हटलं, वाढलंस तेव्हाही मोजूनच वाढलं असशील. ती काय म्हणाली माहितीय? म्हणाली, झालं ते झालं. एवढंच. तुझं नाव नाही घेतलं तिनं, दादा."

"तिला माहीत होतं?"

"तू मला विचारतोस?"

रकान्यांना माहीत होतं. जिना उतरून ते सरळ ताईकडेच गेले होते, चहा घेताना सांगितलं होतं, फॉर्म भरून आलो. दुसऱ्या दिवशी छापलेलं वाचताना ताईनं चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं होतं, आणि ते घड्याळाकडे बघत होते.

"तू जाशील का तिच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आधी तू जा," धाकटी म्हणाली. "का तिथेही जाण्यात येईल?" आणि मग, आवाज बदलून, म्हाताऱ्याला: "झालाय काका, या." फोन ठेवल्याचा आवाज आपटल्यासारखा नव्हता. आपटला असता तर बरं झालं असतं.

दारात टंकलेखिका उभी होती. तिरक्या छताखाली डोकं वाकवून. "रकानेसाहेब, आज भराभर झालं, उद्याची वही आजच न्यायला आले." टेबलावर उघड्या पडलेल्या पानावर तिची नजर गेली. "अय्या, इथे तुम्ही खोडलंय. साहेब, संगणकात खोडलेलं नाही दाखवता येत. एकच काहीतरी राहतं. मी वरचंच घेते ना? 'मूळची आहे'?"

ती सुचवत होती ते अगदी सोपं होतं. उद्या तांबडी रेघ पडेल, वही कोठारात जाईल, यंत्रात नुसतं बरोबर उरेल. तीस वर्षं ज्या पुसण्याच्या विरुद्ध ते भांडले ते यंत्र स्वतःहून, विनातक्रार करून देणार होतं. त्यांना त्या यंत्राचा हेवा वाटला. मग त्यांनी वही आपल्याकडे वळवली, पट्टी ठेवली, आणि मघाच्या ओल्या ओळीतल्या शेवटच्या शब्दांवर एक रेघ मारली.

"शेऱ्याला जागा किती देतं ते?"

"दीडशे अक्षरं."

"पुरेल. 'काढण्यात आली' नको. घ्या लिहून: चौथी तार मूळची. खाचा चार आहेत हे त्याच दिवशी पाहूनही नोंद बदलली नाही. तार काढली ती," आणि त्यांनी आपलं खरं आडनाव सांगितलं.

तिनं लिहून घेतलं, मग पेन थांबवून वर पाहिलं. "हे कोण?"

"मी," रकाने म्हणाले.

ती वही घेऊन गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग नाही. रकान्यांनी फोन पुन्हा जवळ ओढला. ताईचा नंबर शोधावा लागणार नव्हता. तो त्यांनीच एकदा छापायला दिला होता.